छत्रीखालची चार घराणी

२०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालले होते. गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यात उतरलेली माणसे एकामागून एक कळवळत बाहेर येऊ लागली. पायाला काहीतरी डसले होते. साठाहून अधिक जणांना रुग्णालय गाठावे लागले आणि गर्दीत एकच शब्द फिरत राहिला, जेलीफिश. पुढे उलगडले ते वेगळेच. डसणारा मुख्यतः पाकट होता. तळाच्या वाळूत अंग पसरून बसणारा हा चपटा मासा. त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो आणि अंगावर पाय पडला की तो शेपूट उसळवतो.

पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, जुहूच्या वाळूवर निळ्या, पारदर्शक फुग्यांचा सडा पडला. प्लास्टिकची पिशवी समजून कुणी ते उचलले, कुणी पायाने फोडले, कुणाच्या पोटरीला पाण्यातच त्यांचे दोरे गुंडाळले गेले. दीडशेच्या आसपास लोकांना दंश झाल्याच्या बातम्या आल्या आणि पुन्हा तोच शब्द छापून आला. या वेळी तो पूर्ण चुकीचा नव्हता, पण पूर्ण बरोबरही नव्हता. तो निळा फुगा म्हणजे ‘ब्लू बॉटल’. जेलीफिशच्या गोतावळ्यातला खरा, पण तो एक प्राणी नसून अनेक प्राण्यांनी मिळून थाटलेली वसाहत आहे.

पाकटाचा काटा मांसात मोडून राहतो, जखम चिघळते. ब्लू बॉटलचा दंश चाबकाच्या वळासारखा उमटतो आणि बहुतेकांचा काही तासांत ओसरतो. ऑस्ट्रेलियातला एक डबीच्या आकाराचा जेलीफिश मात्र धडधाकट माणसाला काही मिनिटांत मारू शकतो. तिघांवरचे उपचार वेगळे आहेत. एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर उलटू शकतो. त्यामुळे ‘जेलीफिश म्हणजे नेमका कोण?’ हा प्रश्न प्राणिशास्त्राच्या वर्गात जितका महत्त्वाचा आहे, तितकाच तो किनाऱ्यावरच्या जीवरक्षकासाठीही आहे.

मुळात ‘जेलीफिश’ हे कुळाचे नाव नव्हे, आकाराचे आहे. पाण्यात तरंगणारे, लिबलिबीत, आरपार दिसणारे, छत्रीसारखे आकसत-फुलत पुढे सरकणारे जे काही दिसेल, ते जेलीफिश. मासा तर तो नाहीच. पाठीचा कणा, हृदय, मेंदू, कल्ले यांपैकी काही त्याला नाही. अंगातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी. त्वचेचे दोन थर, मधे जेली, पोटाची एक पिशवी आणि तिला एकच तोंड. अन्न आत घेणे आणि टाकाऊ बाहेर सोडणे, दोन्ही त्याच वाटेने. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर हा प्राणी पन्नास कोटींहून अधिक वर्षे समुद्रात टिकला आहे.

दिसण्यावर गेले की फसगत ठरलेली. किनाऱ्यावर कधीकधी काचेच्या लहान पिंपासारखे, एकमेकांना माळेत जोडलेले प्राणी वाहून येतात. ते साल्प. दिसायला जेलीच, पण नात्याने ते जेलीफिशपेक्षा माणसाच्या जवळचे, कारण आपण ज्या संघात मोडतो त्याच रज्जुमान प्राण्यांत त्यांची गणना होते. दुसरे सोंग कंगवा जेलींचे, म्हणजे टिनोफोरांचे. त्यांच्या अंगावर बारीक केसांच्या आठ रांगा असतात आणि त्या हलल्या की प्रकाशात इंद्रधनुष्यी झळाळी फुटते. यांना दंशपेशी नसतात. सावज पकडायला त्यांच्याकडे चिकट पेशी असतात. हे दोघेही माणसाला डसत नाहीत. पारदर्शक म्हणजे विषारी, या समजाला पहिला तडा इथेच जातो.

वर्गीकरण करणाऱ्यांचीही दोन शतके याच फसगतीत गेली. कार्ल लिनिअसने १७५८ च्या ग्रंथात जेलीफिशना ‘मेडुसा’ हे नाव दिले. ग्रीक पुराणातल्या, केसांच्या जागी साप वळवळणाऱ्या राक्षसिणीचे हे नाव. पण बसवले त्यांना ‘व्हर्मीस’ या गटात, म्हणजे कृमींत. ज्याचे नीट जमले नाही ते सगळे कोंबायची ती अडगळीची खोली होती. ब्लू बॉटलच्या मोठ्या भावंडाला, पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉरला, तर त्याने समुद्रकाकडीच्या वंशात टाकले. त्या काळी जेलीफिशचा नमुना अभ्यासकाच्या हाती पडेपर्यंत त्याचा अनेकदा आकारहीन गोळा झालेला असे, हेही लक्षात घ्यायला हवे.

खरा गुंता सुटला तो नॉर्वेतल्या एका धर्मोपदेशकामुळे. मायकेल सार्स हा किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये काम करायचा आणि उरलेल्या वेळात समुद्र चाळायचा. १८२९ मध्ये त्याने दोन नवे प्राणी जगापुढे ठेवले. एक खडकाला चिकटलेला, तोंडाभोवती शुंडके असलेला इवलासा पेला. दुसरा एकावर एक वाट्या रचून ठेवल्यासारखी चळत. पुढच्या काही वर्षांत त्याच्या ध्यानात आले, की हे दोन प्राणी नाहीतच. पेल्याचीच वाढून चळत होते, चळतीतली वरची वाटी सुटते, पोहू लागते आणि तिचाच जेलीफिश होतो. नवे म्हणून नोंदवलेले दोन प्राणी हे आधीच माहीत असलेल्या तिसऱ्याचे बालपण निघाले.

जेलीफिशचे आयुष्य असे दुपदरी आहे. तळाला चिकटलेला पॉलिप हा एक अवतार, पाण्यात विहरणारी मेडुसा हा दुसरा. पॉलिप आपल्याच शरीरापासून नवे जीव घडवतो, मेडुसा अंडी आणि शुक्रपेशी सोडते, त्यांच्यापासून पुन्हा पॉलिप. आपल्याला दिसतो तो फक्त दुसरा अंक. एरवी निवांत असलेल्या किनाऱ्यावर अचानक हजारो जेलीफिश उगवतात तेव्हा ते कुठून आले याचे उत्तर बहुधा तळाच्या खडकांवर, जेट्टीच्या खांबांवर, बोटींच्या बुडावर असते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रवाळ, समुद्रफुले, जलव्याल आणि जेलीफिश यांची मोट एका संघात बांधली गेली. त्याचे आजचे नाव निडारिया. अंगाला लागताच आग करणाऱ्या खाजऱ्या वनस्पतीच्या ग्रीक नावावरून ते घेतलेले आहे. मराठी शाळेतल्या जुन्या पुस्तकांत हाच संघ ‘आंतरगुही’ किंवा सिलेंटराटा म्हणून भेटतो. यातले प्रवाळ आणि समुद्रफुले आयुष्यात कधीच मेडुसा होत नाहीत. उरलेल्यांत, म्हणजे ज्यांच्याकडे पाहून आपण ‘जेलीफिश’ म्हणतो त्यांच्यात, आज चार मुख्य घराणी मानली जातात.

पहिले घराणे सायफोझोआ, म्हणजे अस्सल जेलीफिश. सुमारे दोनशे जाती. पसरट छत्री, कडेला शुंडके, मधून लोंबणारे झालरीसारखे मुखबाहू. जगभरच्या मत्स्यालयांत निळ्या दिव्याखाली ठेवला जाणारा चंद्र जेलीफिश, ऑरेलिया, याच घरातला. छत्रीतून दिसणाऱ्या नालेच्या आकाराच्या चार खुणांवरून तो ओळखता येतो. त्याचा दंश बहुतेकांना जेमतेम जाणवतो. शीत समुद्रातला सिंहाची आयाळ असे नाव मिरवणारा सायनियाही इथलाच, आणि तो मात्र चांगला डसतो. याच घराण्यातल्या ऱ्हायझोस्टोम गटाला कडेची शुंडकेच नसतात, जाडजूड मुखबाहू असतात. त्यातल्या काही जाती आंध्र प्रदेश आणि गुजरातच्या किनाऱ्यांवर पकडल्या जातात, मीठ आणि तुरटी लावून मुरवल्या जातात आणि चीन-जपानकडे रवाना होतात. तिकडे त्या कुरकुरीत कोशिंबिरीसारख्या खाल्ल्या जातात.

दुसरे घराणे क्युबोझोआ, म्हणजे बॉक्स जेलीफिश. जाती सुमारे पन्नास. छत्री गोल नसून डबीसारखी चौकोनी, आणि शुंडके चार कोपऱ्यांतून निघालेली. पूर्वी यांना अस्सल जेलीफिशांतच धरत. १९७० च्या दशकात बर्नहार्ड वेर्नर या जर्मन संशोधकाने त्यांचे पॉलिप वाढवून पाहिले, तेव्हा चळत वगैरे काही झालीच नाही. अख्खा पॉलिपच रूप पालटून एक मेडुसा झाला. एवढा मूलभूत फरक पाहून त्यांना वेगळा वर्ग मिळाला. या घराण्याची आणखी एक तऱ्हा म्हणजे डोळे. छत्रीच्या चार बाजूंना सहा-सहा मिळून चोवीस, आणि त्यातल्या काहींना चक्क भिंग. इतर जेलीफिश प्रवाहाबरोबर वाहतात, हे मात्र वळतात, अडथळा चुकवतात, सावजाकडे पोहत जातात. मेंदू नसलेला कॅरिबियन समुद्रातला एक बॉक्स जेलीफिश अनुभवातून शिकतो, हे २०२३ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले.

तिसरे घराणे स्टॉरोझोआ. २००४ मध्ये याला स्वतंत्र वर्गाचा मान मिळाला. सुमारे पन्नास जाती, बहुतेक थंड पाण्यातल्या. देठाने शेवाळाला किंवा खडकाला चिकटून बसलेल्या या चिमुकल्या कर्ण्यांना पोहताच येत नाही. माणसाला त्यांच्यापासून काही भय नाही.

चौथे घराणे सर्वांत मोठे आणि सर्वांत गोंधळात टाकणारे, हायड्रोझोआ. साडेतीन हजारांहून अधिक जाती. शाळेच्या प्रयोगशाळेतला जलव्याल इथला, हात लागताच भाजल्यासारखे करणारे अग्निप्रवाळ इथले, म्हातारपण टाकून पुन्हा पॉलिप होऊ शकणारा ‘अमर’ ट्युरिटॉप्सिस इथला. ज्याच्या अंगातल्या हिरव्या प्रथिनाने पेशींच्या अभ्यासाची तऱ्हाच बदलली आणि ओसामु शिमोमुरा यांना २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला, तो एक्वोरियाही याच घरातला. आणि पावसाळ्यात जुहूला येणारी ब्लू बॉटल, फायसेलिया, हीसुद्धा.

हायड्रोझोआंत गोड्या पाण्याचे जेलीफिशही आहेत आणि तिथे महाराष्ट्राचे एक पान आहे. मालवणला जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते. पश्चिम घाटात वनस्पती आणि प्राणी गोळा करत हिंडताना, १९११ च्या सुमारास, सातारा जिल्ह्यातल्या कोयनेच्या परिसरात त्यांना नदीच्या पाण्यात छोटे जेलीफिश दिसले. हा वंश तोवर आफ्रिकेतच असल्याचे मानले जाई. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचे वर्णन करून ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव ठेवले. पुण्यातल्या ज्या संशोधन संस्थेला पुढे आघारकरांचे नाव मिळाले, तिच्या संस्थापकाची पहिली ख्याती एका जेलीफिशने झाली होती आणि ते स्वतः होते वनस्पतिशास्त्रज्ञ.

चारही घराण्यांना जोडणारा धागा एकच, दंशपेशी. तिच्या पोटात एक सूक्ष्म कुपी असते आणि कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ, काटेरी नळी. स्पर्श झाला, त्वचेवरच्या रसायनांची चाहूल लागली, की झाकण उडते आणि नळी उलटी होऊन भाल्यासारखी बाहेर येते. जलव्यालावर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात हा स्फोट ७०० नॅनोसेकंदांत घडत असल्याचे दिसले. त्यातले त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास लाख पटींहून अधिक होते. कुपीतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साठ-सत्तर पट. निसर्गातल्या सर्वांत वेगवान हालचालींत याची गणना होते.

या यंत्रणेच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, तिला मालकाची आज्ञा लागत नाही. जेलीफिश मेला, त्याचे तुकडे झाले, तरी न फुटलेल्या कुप्या फुटायला तयारच असतात. जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका किनाऱ्यावर सिंहाच्या आयाळीचा एक मेलेला जेलीफिश वाहून आला. तो बाहेर काढताना तुटला, तुकडे पाण्यात पांगले आणि एकट्याने सुमारे दीडशे जणांना दंश केला. तोही मेल्यावर. दोन, सगळ्यांच्या नळ्या आपल्या त्वचेत पुरेशा खोल शिरत नाहीत. म्हणून बहुसंख्य जेलीफिश आपल्याला काहीच करू शकत नाहीत किंवा थोडी खाज आणून सोडून देतात.

मग धोकादायक कोण? आकार हा निकष असता तर पहिला क्रमांक सायनियाचा लागला असता. एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या उपसागरात सापडलेल्या एका सायनियाची छत्री दोन मीटरहून रुंद आणि शुंडके छत्तीस मीटरच्या पुढे लांब होती. कॉनन डॉयलने १९२६ च्या एका शेरलॉक होम्स कथेत त्याच्यावर खुनाचा आळही घातला. प्रत्यक्षात त्याचा दंश फार दुखतो, पण निरोगी माणूस त्याने सहसा मरत नाही.

मारणारे घराणे क्युबोझोआ. तेही सगळे नाही, त्यातली मोजकी मंडळी.

जानेवारी १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात कार्डवेल इथे पाच वर्षांचा एक मुलगा उथळ पाण्यात खेळताना दंश होऊन मेला. ह्युगो फ्लेकर या डॉक्टरांनी पोलिसांकरवी तिथल्या पाण्यात जाळी फिरवली. सापडलेल्या जेलीफिशांत एक चौकोनी, अनोळखी निघाला. तो ॲडिलेडच्या रोनाल्ड साउथकॉट यांच्याकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘कायरोनेक्स फ्लेकेरी’. ग्रीक ‘हात’ आणि लॅटिन ‘मृत्यू’ यांचा जोड, वर फ्लेकरांचे नाव. त्याच्या चार कोपऱ्यांतून मिळून साठपर्यंत शुंडके निघतात, प्रत्येक तीन मीटरपर्यंत ताणले जाते. विषातली प्रथिने पेशींच्या भिंतींना भोके पाडतात, आतले पोटॅशियम बाहेर सांडते, हृदयाचा ताल बिघडतो. मोठा दंश झाला तर दोन ते पाच मिनिटांत खेळ संपू शकतो. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सत्तरच्या आसपास मृत्यू याच्या नावावर आहेत. १९७० पासून तिथे प्रतिविष उपलब्ध आहे.

गंमत अशी, की एवढ्या भयंकर शस्त्रापासून वाचवायला तलम कापडही पुरते. क्वीन्सलंडचे जीवरक्षक एकेकाळी बायकांचे पायमोजे अंगभर चढवून पाण्यात उतरत. दंशपेशीला नुसता स्पर्श पुरत नाही, त्वचेचा रासायनिक वास लागतो, आणि आखूड नळी कापड ओलांडून फार आत जात नाही. आज तिथे नोव्हेंबर ते मे या काळात खास अंगरखे वापरतात आणि पोहण्याच्या जागा जाळीने बंदिस्त करतात.

जाळी अडवते ती कायरोनेक्सला. त्याचा धाकटा भाऊबंद जाळीच्या भोकातून सहज आत येतो. केर्न्स शहराच्या आसपासचे लोक वर्षानुवर्षे एका विचित्र दुखण्याची तक्रार करत. पाण्यात किरकोळ टोचल्यासारखे होई आणि अर्ध्या तासाने पाठ-पोटात असह्य वेदना, घाम, उलट्या, चढलेला रक्तदाब आणि आता आपण मरणारच अशी ठाम भावना. फ्लेकरांनी १९५२ मध्ये त्याला तिथल्या आदिवासींच्या नावावरून ‘इरुकांजी’ म्हटले, पण गुन्हेगार सापडत नव्हता. तो शोधून काढला जॅक बार्न्स या डॉक्टरने, १९६१ मध्ये. नखाएवढा, पारदर्शक, चारच शुंडकांचा एक जेलीफिश त्याने पकडला आणि खात्री करायला स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला त्याचा दंश करवून घेतला. थोड्याच वेळात तिघे रुग्णालयात. आजची कोणतीही नैतिक समिती असा प्रयोग मंजूर करणार नाही. जेलीफिशला मात्र बार्न्सचेच नाव मिळाले, ‘कॅरुकिया बार्नेसाय’. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन पर्यटकांचे मृत्यू इरुकांजीशी जोडले गेले.

बॉक्स जेलीफिश ऑस्ट्रेलियाची मक्तेदारी नाही. फिलिपिन्स, मलेशिया, थायलंडच्या किनाऱ्यांवर मृत्यू झाले आहेत. भारताच्या पाण्यातही या घराण्याच्या काही जातींची नोंद आहे. त्यामुळे अंदमान समुद्राच्या पलीकडे, थायलंडच्या बेटांवर सुट्टीला जाणाऱ्यांनी तिथल्या किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या अडकवलेले खांब दिसले, तर ते कशासाठी आहेत हे समजून घेतलेले बरे.

आता ब्लू बॉटल. वरचा फुगा हे तिचे शीड. त्यात हवेबरोबर कार्बन मोनॉक्साईडही असतो. खालचे काही सदस्य फक्त शिकार करतात, काही फक्त पचवतात, काही फक्त प्रजनन पाहतात. एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही. अटलांटिकमधल्या मोठ्या फायसेलियाचे दोरे तीस मीटरपर्यंत जाऊ शकतात, तर आपल्याकडची ब्लू बॉटल लहान आणि बहुधा एकाच लांब दोऱ्याची असते. स्वतः पोहता येत नसल्याने ती वाऱ्याची गुलाम. म्हणूनच नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असले की ती कोकण किनाऱ्यावर येऊन पडते. बरोबर तिच्याच रंगाचे, नाण्यासारखे गोल ‘ब्लू बटन’ही येतात. ते हायड्रोझोआच, पण जवळजवळ निरुपद्रवी. दोन निळे शेजारी-शेजारी पडलेले, एक चटका देणारा, एक न देणारा.

फायसेलियाने माणसे दगावल्याच्या नोंदी अगदी तुरळक आहेत. वेदना मात्र खरी, आणि ॲलर्जी असलेल्यांना धोकाही खरा. त्या धोक्याचा शोधच या प्राण्यामुळे लागला. १९०१ मध्ये मोनाकोचा राजा पहिला आल्बेर याच्या संशोधन-नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी फायसेलियाच्या विषाचा अभ्यास सुरू केला. पॅरिसला परतल्यावर समुद्रफुलांच्या विषावर तो पुढे नेला. पहिल्या मात्रेतून वाचलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी अल्प दुसऱ्या मात्रेने मेले. शरीर विषाला सरावण्याऐवजी बिथरले होते. रिशेने याला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटले आणि १९१३ चे नोबेल मिळवले. मधमाशी, शेंगदाणा, पेनिसिलिन यांच्या बाबतीत आज डॉक्टर जी भीती बाळगतात, तिचे नाव इथून आले.

गोव्यात नोव्हेंबर २०२० मध्ये दोनच दिवसांत नव्वदच्या आसपास पर्यटकांना दंश झाला, बहुतेक बागा-कळंगुट पट्ट्यात. बहुतांश सौम्य. एकाला मात्र श्वास घेता येईना, त्याला प्राणवायू देऊन रुग्णालयात हलवावे लागले. एकाच लाटेत आलेले, एकाच जातीचे जेलीफिश दोघांशी इतके वेगळे वागू शकतात. कारण दंशाची तीव्रता विषावर जितकी अवलंबून, तितकीच किती लांबीचे शुंडक किती त्वचेला लागले, शरीर लहान मुलाचे आहे की मोठ्याचे, आणि दंश किनाऱ्यापासून किती दूर झाला यावरही. खोल पाण्यात वेदनेने हातपाय गळाले तर मरण विषाने नव्हे, बुडून येते.

माणसाच्या कातडीपलीकडेही जेलीफिशचा उपद्रव आहे आणि तिथे विषाला नेहमीच अर्थ असतो असे नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ पेलाजिया या छोट्या जांभळट जेलीफिशांचा तांडा एका सामन-पालन केंद्रावर आला आणि लाखभराहून अधिक मासे पिंजऱ्यांतच मेले. २००९ मध्ये जपानच्या चिबा किनाऱ्यापुढे दहा टनी मासेमारी नौका उलटली, कारण जाळ्यात नोमुरा जातीचे अजस्र जेलीफिश भरले होते. एकेकाचे वजन दोनशे किलोपर्यंत जाते. स्वीडनमधली ऑस्करशामन अणुभट्टी २०१३ मध्ये आणि फ्रान्समधले ग्राव्हलीन केंद्र ऑगस्ट २०२५ मध्ये जेलीफिशांनी भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याचे मार्ग तुंबवल्याने थांबले. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमलाही ही डोकेदुखी जुनी आहे. ऑस्करशामनमध्ये तुंबारा झाला तो चंद्र जेलीफिशांचा, ज्यांचा दंश माणसाला जेमतेम जाणवतो.

घराणे ओळखण्याचा खरा हिशेब प्रथमोपचाराच्या वेळी होतो. बॉक्स जेलीफिशच्या दंशावर व्हिनेगर ओतले तर न फुटलेल्या कुप्या निकामी होतात, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९८० मध्ये दाखवले. वेदना त्याने थांबत नाही, पण विष आणखी शिरणे थांबते. त्यामुळे तिथे किमान तीस सेकंद व्हिनेगर, लगेच मदतीला हाक, आणि श्वास-नाडी थांबल्यास छातीवर दाब. फायसेलियावर मात्र ऑस्ट्रेलियातल्या सूचना व्हिनेगर टाळायला सांगतात, तर हवाईतल्या संशोधकांनी ते उपयोगी असल्याचा निष्कर्ष काढला. वाद अजून मिटलेला नाही. पेलाजियाच्या बाबतीत व्हिनेगरने कुप्या उलट जास्त फुटतात, तिथे खाण्याच्या सोड्याचा लगदा सुचवला जातो.

ज्यावर बरेचसे एकमत आहे ती गोष्ट म्हणजे उष्णता. ऑस्ट्रेलियात ब्लू बॉटलच्या ९६ रुग्णांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना ४५ अंश सेल्सिअसचे गरम पाणी दिले, निम्म्यांना बर्फ. गरम पाण्याने ८७ टक्क्यांची वेदना कमी झाली, बर्फाने ३३ टक्क्यांची. म्हणजे चिकटलेले दोरे चिमट्याने काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचे आणि भाग वीस मिनिटे सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा. पाकटाच्या दंशावरही गरम पाणीच देतात, पण तिथे जखमेत काटा उरला आहे का हे डॉक्टरने पाहणे आलेच. वाळूने घासणे, नळाचे गार पाणी, दारू आणि चित्रपटांनी प्रसिद्ध केलेली लघवी, या सगळ्या उपायांनी उरलेल्या कुप्या फुटण्याचीच भीती अधिक.

वर्गीकरणाचे काम संपलेले नाही. जगभर एकच समजला गेलेला चंद्र जेलीफिश जनुके तपासल्यावर वीसहून अधिक जातींत फुटला. २०२५ मध्ये हीच पाळी फायसेलियावर आली. सगळ्या महासागरांत एकच जात वाऱ्यावर फिरते असे दीर्घकाळ धरले गेले होते. दीडशेच्या आसपास नमुन्यांचे जीनोम वाचल्यावर किमान चार जाती निघाल्या. त्या पडताळायला संशोधकांनी जे साहित्य वापरले त्यात किनाऱ्यांवर हिंडणाऱ्या सामान्य लोकांनी टाकलेली हजारो छायाचित्रे होती. फुगा किती मोठा, शिडाची घडी कशी, लांब दोरा एक की अनेक, यांवरून जाती वेगळ्या पडत होत्या. मुंबईतही ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’सारखे नागरिकांचे गट भरती-ओहोटीचे वेळापत्रक हाती घेऊन किनाऱ्यांवर फिरतात आणि जे दिसेल ते नोंदवतात. पुढच्या पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळा फुगा पडलेला दिसला, तर हात न लावता, शेजारी मापाला एखादे नाणे ठेवून आणि दोरा पूर्ण चौकटीत घेऊन काढलेला फोटो त्या नोंदीत भर घालू शकतो.